शिवेबाहेरचा राखणदार

काशीबाई आइसलंडला निघाली तेव्हा वाडीतल्या अर्ध्या माणसांना तो देश कुठे आहे हे ठाऊक नव्हतं, आणि उरलेल्यांना तिथे म्हातारीचं काय काम ते कळत नव्हतं. का, म्हातारीने काय फक्त कोकमं वाळवावीत? भाची आकांक्षा डोंगर चढायला चालली होती. काशीबाईला शहर बघायचं होतं, तिथलं गाणं ऐकायचं होतं, आणि उघड्यावरच्या गरम तलावात उतरायचं होतं. “दर्यात पोवणारी बाय मी. तेंचा पाणी माका बुडवतला?”

लांबच्या प्रवासाआधी शिवेवर राखणदार देवाला गाऱ्हाणं घालायचं, सांभाळ म्हणून साकडं घालायचं, ही वाडीची रीत. काळोख पडला की हा वाडीभोवती फेरी घालतो. हातात ठकठक वाजणारी काठी, तोंडात विडी, पायात वाडीने वाहिलेल्या वहाणा. त्याच्या फेरीच्या आत बाहेरचं काही शिरत नाही. गाऱ्हाणं गावकाराने, गावच्या मानकऱ्याने घालायचं. पण गावकार निलेश कणकवलीला गेलेला आणि गाडी दारात उभी.

“थांब गो काशीबाय, निलेशाक येवंदे,” शेजारची यशोदा म्हणाली. “बायलमाणसान गाऱ्हाणा घालूचा नसता.”

“कित्याक? देवाक बायलांची भाषा कळना नाय?”

काशीबाईने नारळ ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “बा राखणदारा, माझ्या आकांक्षाच्या वांगडा चल. डोंगरार तिचो हात सोडू नको.”

यापुढे गावकार आणखी एक वाक्य म्हणतो : शिवेपर्यंत पोचव आणि आपल्या जागेवर रव. काशीबाई ते विसरली नव्हती. तिला ते कंजूष वाटलं. पोर सातासमुद्रापार चाललेली, आणि सोबत शिवेपर्यंतच?

रेक्याविक शहर तिने जिंकलंच. काचेच्या नाट्यगृहात न कळणाऱ्या गाण्याला मोकळी दाद दिली, तलावात गळाभर गरम पाण्यात बसून तिथल्या बायकांशी हातवाऱ्यांनी गप्पा मारल्या. जून महिना. सूर्य समुद्राआड जरासा जायचा आणि काळोख पडायच्या आत वर यायचा. रात्र नावाची गोष्टच नव्हती. “हय भुतांची पंचाईत,” ती हसून म्हणाली.

मग डोंगर. काशीबाई पायथ्याच्या लाकडी खोलीत चहा घेत बसली आणि मंडळी वर गेली. भरदुपारी धुकं उतरलं. करडं, ओलं, तिन्हीसांजेसारखं. वाट दाखवणारी गुड्रून सगळ्यांना घेऊन खाली आली. सगळ्यांना, एक आकांक्षा सोडून.

काशीबाई चहाचा पेला घेऊनच बाहेर उभी राहिली. उकळत्या झऱ्यांना कुजक्या अंड्याचा वास होता. त्या वासातून हळूहळू दुसरा आला... विडीचा. मग दगडावर काठी. ठक्. कातडी वहाणांची करकर. पुन्हा ठक्.

आकांक्षा धुक्यातून आली. उजवा हात पुढे धरलेला, कुणी ओढत आणावं तसा.

“मावशी... एका आजोबांनी आणल्यानी. मालवणीत बोलत हुते.”

“काय बोलले?”

“‘बेगीन चल गो बाय. माका परत जावक होया. वाडी उघडी पडली.’”

काशीबाईचा चहा हातातच निवला. तेवढ्यात धुकं फाटलं, लख्ख ऊन पडलं आणि काठीचा आवाज अर्ध्या वाटेवर तुटला. काळोखाशिवाय तो पाऊल टाकत नाही. आणि इथे काळोख अजून कितीतरी दिवस पडणार नव्हता. तिने उन्हाकडे तोंड करून गाळलेलं वाक्य मोठ्याने म्हटलं. एकदा नव्हे, घसा बसेपर्यंत.

घरी परतली त्या संध्याकाळी यशोदा धावत आली. “तू गेल्यापासून काठी वाजाक नाय हुती, काशीबाय. सगळे भियाले हुते. पण परवापासून वाजता. आता तर शिवेर नाय, जवळसून वाजता. काल माझ्या बावीकडे!”

“इलो मा? माझो शब्द मोडतलो कसो!” काशीबाईने पाय पसरले. यशोदा निर्धास्त होऊन आपल्या घरी गेली.

आकांक्षाचा फोन वाजला. गुड्रूनने एक आवाज टिपून पाठवला होता, सोबत लिहिलं होतं : आज सकाळी पुन्हा धुकं पडलं, तुमचे आजोबा खोलीशी आले, सगळ्यांना एकच विचारत होते. याचा अर्थ काय?

वाऱ्याची घरघर. मग दमलेला, घोगरा आवाज.

“शीव खंय आसा गो...? शीव खंय...?”

 बाहेर ठक् झालं. अंगणाच्या कडेला.

काशीबाई उठली. पदर खोचला, दार सताड उघडलं. “कोण आसस तो थंयच रव! वाडी उघडी नाय. मी आसंय हय!”

काठी थांबली.

मग विहिरीकडून दुसरी वाजली. आणि तिसरी, यशोदाच्या घरातून.