वाटेत ताणा होता

पों... पों... पों...

सकाळच्या वेळी आमच्या गल्लीत कुणी मोटारीचा भोंगा वाजवतं का? पण त्या दिवशी वाजला, आणि माझ्या हातातला खळीचा कुंचा जागीच थांबला.

तेव्हाच्या सोलापुरात विणकरांच्या पेठेत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, की सकाळी गल्ली विणकरांची. लुगड्याचा ताणा, म्हणजे उभे धागे, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडी घोड्यांवर ताणायचे, त्यांना खळ लावायची, कुंच्यानं विंचरायचे आणि उन्हात सुकू द्यायचे. तोवर टांगा नाही, बैलगाडी नाही. माणसंसुद्धा भिंतीला अंग घासून जात. ताणा ओलांडायचं तर कुणाच्या स्वप्नातही येत नसे.

मी तरातरा गेले आणि कानडीत म्हणाले, "निंद्री." घरात आमची बोली तीच.

"थांबलोय की," मोटारवाला खाली उतरत म्हणाला. अंगभर फुफाटा, डोक्याला रुमाल, आणि डोळे मात्र... असे हसरे, की मला अजूनच राग आला.

"भोंगा कशापाई वाजवता? धागं काय उटून बाजूला हुतील?"

"न्हाय हुनार?"

"मागं घ्या मोटार."

त्यानं मागं बोट दाखवलं. त्याच्या मागोमाग कापसाच्या दोन गाड्या आणि एक टांगा आत शिरून बसले होते. त्यांच्या मागं आणखी एक गाडी. बैल मागं चालत नाहीत, आणि गाडीवान तर त्याहून नाहीत.

"वेशीत लई गर्दी हाय," तो म्हणाला. "गिरनीची पाळी सुटलीया, गाठींच्या गाड्या, टांगं, मोटारी... मुंगीला वाट न्हाय. म्हटलं, गल्लीतनं काडावी."

"काडा मग."

"आजून किती येळ लागंल?"

"ऊन तापंस्तोवर."

"आन् ऊन कवा तापंल?"

"त्याला इचारा," मी आभाळाकडं बोट केलं.

मोटारीत कुंभारीहून बसलेली एक म्हातारी होती, ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. झालं. गल्लीभर हसं झालं आणि तो बाबा मोठ्या आनंदात आमच्या कट्ट्यावर येऊन बसला. नाव बसवराज. अक्कलकोट-सोलापूर सर्व्हिस मोटार चालवायचा. माझं नाव महादेवी, हे त्यानं मला विचारलं नाही. शिवबाई आत्तीकडून काढून घेतलं. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची, अप्पांची बहीण, आमच्याच घरी राहायची. पोटात काही ठेवणं तिला जमायचंच नाही.

दुसऱ्या दिवशी मोटार पुन्हा आली. भोंगा न वाजवता.

"आजबी वेशीत गर्दी?" मी विचारलं.

"लई..."

त्याच्यापुढच्या दिवशीही आली. मग रोजच. उतारू आधी कुरकुरले, मग त्यांनाही सवय झाली. गल्लीच्या तोंडाशीच उतरून चालत पुढं जायला लागले. हा मात्र कट्ट्यावर. एकदा धागा तुटला, तर उठून मदतीला आला.

"हात लावू नका," मी ओरडले. "तेलाचं हात तुमचं. लुगड्याला डाग पडंल."

गेला, नळावर राख लावून हात घासले, आणि परत येऊन दोन्ही पंजे माझ्यापुढं धरले, जशी काही मी मास्तरीण. मी बघितल्यासारखं केलं. खरं तर मी हात बघतच नव्हते... आत्तीनं त्याला गाठ मारायला शिकवली. मोटार चालू करायचं हँडल फिरवणाऱ्या त्या दांडग्या बोटांत धागा सापडायचा नाही, आणि सापडला की तो असा माझ्याकडं बघायचा, की मला उगाच कुंचा खळीत बुडवावा लागायचा.

एके दिवशी अप्पा जेवताना म्हणाले, "वेशीत गर्दी आसंल. पर तितं घटकाभरानं तरी वाट मिळती. हितं तर रोज सकाळी वाट बंदच. आन् ह्यो रोज हितंच येतुया. ह्यो कसला डायवर म्हनायचा?"

आत्ती खुदकन हसली. तोवर, खरंच सांगते, माझ्या डोक्यात हा हिशेब आलाच नव्हता. त्या दिवशी मी भाकरी अर्धीच खाल्ली आणि दिवसभर मागावर बसून गाणं म्हणत राहिले.

वेशीतल्या त्या गर्दीला अख्खं सोलापूर शिव्या द्यायचं. मी आजवर एक शिवी दिलेली नाही. उलट वेशीतून जाताना कितीदा मनातल्या मनात तिचे उपकार मानलेत, ते माझं मलाच ठाऊक.

पण बोलायचं राहिलंच. तो बोलेना, मी बोलेना. आणि मध्येच अप्पांनी एका स्थळाला होकार कळवून टाकला. अक्कलकोटच्या सिद्धप्पांचा मुलगा, कापडाचं मोठं दुकान. बघायला येणार, पसंत पडली की त्याच बैठकीत साखरपुडा. अप्पांना काय सांगणार? बसवराजनं मला अजून एक शब्द दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ताण्याला कुंचा मारता मारता मी म्हणाले, "उद्या पावनं येनार हायती. मला बघाया."

त्याच्या हातातली गाठ सुटली.

"कुटनं?"

"अक्कलकोटनं."

"म्हंजे... माज्याच मोटारीनं."

"व्हय."

आता काही तरी बोलेल, असं वाटलं. नुसतं 'नको' म्हणाला असता, तरी मी अप्पांपुढं उभी राहिले असते. तर हा उठला, रुमाल झटकला आणि म्हणाला, "आनतो. येळेवर आनतो."

येळेवर! मला असं वाटलं, खळीचं भांडं त्याच्या डोक्यावर पालथं करावं. रात्रभर उशी ओली केली, आणि उठले ती ठरवूनच उठले. अप्पा सिद्धरामाच्या दर्शनाला गेले होते. आत्तीला हाताशी धरलं आणि गल्लीच्या तोंडापासून ताणा घातला. बघण्याच्या दिवशी कुणी ताणा घालतं का? मी घातला. एक बैठक लांबली तरी पुरे, पुढचं पुढं बघता येईल, एवढंच माझं डोकं चाललं.

अप्पा परत आले आणि कपाळाला हात लावला. "आज? आगं, पावनं येनार की."

"लुगड्याची घाई हाय," आत्ती तोंड फिरवून म्हणाली.

ओला ताणा काढता येत नाही. आणि तेवढ्यात मोटार आली. अगदी वेळेवर, मेल्याची.

मोटार गल्लीच्या तोंडाशी थांबली. आत सिद्धप्पा, त्यांचा मुलगा, आणखी दोघं-तिघं. सिद्धप्पा ओरडले, "थांबलास का? घाल आत. चार धागं तर हायती."

बसवराजनं मोटार बंद केली. खाली उतरला, हँडल काढून घेतलं, आणि ते मांडीवर आडवं धरून आमच्या कट्ट्यावर जाऊन बसला. "वाटंत ताणा हाय," एवढंच म्हणाला.

"आमचीच मानसं हायती, त्यास्नी काय..." असं म्हणत सिद्धप्पांनी धोतराचा सोगा वर धरला आणि ताणा ओलांडला. एक पाय पलीकडं गेला. दुसऱ्या पायातला जोडा अडकला, आणि तटतट धागे तुटले. मुलगा मागून हसला. "नवा घाला की, मामा," अप्पांना म्हणाला.

अप्पा स्वागताला हात जोडून उभे होते. त्यांचे हात तसेच खाली आले. ते पाहुण्यांकडं गेले नाहीत. खाली बसले आणि तुटलेलं एक एक टोक हुडकायला लागले. तेवढ्यात बसवराज हात घासून आला आणि त्यांच्या समोर उकिडवा बसला. हा गाठ मारी, अप्पा पुढचं टोक देत.

पाहुण्यांना आत्तीनं चहा दिला, मान दिला, सगळं रीतीनं झालं. आणि निघताना अप्पा शांतपणे म्हणाले, "सिद्धप्पा, तुमी मोटी मानसं. पर आमची पोर ताण्यावर वाडली. तुमच्या घरी तिला करमायचं न्हाय." सिद्धप्पा तणतणत टांग्यानं ठेसनाकडं गेले.

मग अप्पांनी बसवराजकडं बघितलं. "तुला घरी कोन हाय रं?"

"आई. थोरला भाऊ."

"आपल्यातलाच हायस, शिवबाईनं सांगितलंय," अप्पा म्हणाले. "घिऊन ये त्यास्नी." आणि घरात निघून गेले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं, तर मी तिथंच त्यांच्या पायावर पडले असते.

गल्लीत आम्ही दोघंच उरलो. माझा राग कुठं जातोय?

"येळेवर आनलंत की," मी म्हणाले. "शाबास."

"तुज्या अप्पाची अब्रू व्हती," तो म्हणाला. पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाला. "मुद्दाम उशीर करनं मला जमलं न्हाय. पर वाटभर सिद्धरामाला म्हनत आलो... आज तेवडी वेशीत गर्दी आसू दे. तर आजच सारी वाट मोकळी. एक गाडी आडवी आली न्हाय. लई रडू आलं बग. वेशीतनं सरळ मोटारीच्या थांब्याला जायाचं, तर हात आपसूक हिकडंच वळलं. आन् समोर तुजा ताणा दिसला. बघायच्या दिवशी कोन ताणा घालतंय? म्हटलं, ह्यो देवानंच घातला. मनातल्या मनात हात जोडलं त्याला."

"देवानं न्हाय," मी म्हणाले. "म्या घातला."

मग गल्लीच्या मधोमध, समोरच्या खिडकीतनं दोन बायका बघत असताना, त्यानं सावकाश हात जोडले... मलाच.

मी हसणार होते. पण मला रडूच आलं.