मंदाकिनीचे डोळे

तात्यापारा मोहल्ल्यात एक हिरालाल फोटोवाला राहायचा. त्याची बायको अंजनाबाई, मुलगा लोकेश आणि लोकेशची पोरगी रुचिता. हिरालाल गेला, बाकीचे आहेत. अंजनाबाई म्हणजे मीच. बस इथं, दिवा जवळ घे. सांगते.

आधीच सांगून ठेवते, आम्ही बौद्ध माणसं. उतारा, लिंबू-मिरची आमच्या घरात चालत नाही. मीही असलं काही मानत नाही. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगते.

खाली स्टुडिओ, वर आमचं घर. सदर बाजारात सोनं घ्यायला निघालेल्या बाया आधी आमच्या काचेपाशी थांबायच्या. काचेत काय एकेक फोटो! उंच अंबाडा घातलेल्या मास्तरीणबाई, काळा चष्मा लावलेला रेल्वेतला क्लार्क, हातात ट्रान्झिस्टर धरून बेलबॉटममध्ये उभे पोट्टे. सगळं काळं-पांढरं, पण असं झळकायचं की रंग आठवायचाच नाही. फोटो हिरालाल काढायचा, त्यावर हात मी फिरवायची, रिटच म्हणतात त्याला. निगेटिव्हवर शिसपेन्सिल फिरवली की फोटोत उजळ उठतं, ब्लेडनं हलकं खरवडलं की काळं. मला अक्षर येत नाही, चेहरा येतो.

आणखी एक काम यायचं. माणूस मरायचं आणि घरात त्याचा एक फोटो नसायचा. मग त्याला खुर्चीत टेकवून फोटो काढायचा, आणि मिटलेले डोळे मी निगेटिव्हवर उघडून द्यायची. डोळे कसे होते ते घरचे सांगायचे. याच्यासारखे, नाहीतर तिच्यासारखे. त्या माणसाला समोर बसवायचं, बघून बघून काढायचं.

मागच्या गल्लीतली मंदाकिनी तशीच आली. जिवंत होती तेव्हा आमच्या काचेसमोरून हलायची नाही. "वहिनी, माह्याही फोटो लागन का इथं?" म्हणायची. पण पदर नेहमी अर्ध्या तोंडावर, आणि सासरचे तिला कॅमेऱ्यासमोर बसू देईनात. तापानं गेली, तेव्हा त्याच लोकांनी खुर्चीत बसवून आणली. सासऱ्यानं तिच्या धाकट्या बहिणीकडे, इंदूकडे, बोट केलं. "हिच्यासारखे डोळे काढा." मी काढले. इंदूचे डोळे मंदाकिनीच्या तोंडावर बसले, आणि पुढे मंदाकिनीचा नवरा इंदूला मिळाला. फोटो भिंतीवर गेला, निगेटिव्ह आमच्या डब्यात राहिली.

आता या उन्हाळ्यातलं ऐक.

बंद पडलेला स्टुडिओ रुचितानं झाडून काढला. पंडरीच्या कापडबाजारातल्या एका साडीवाल्याला दुकानाच्या काचेत जुन्या जमान्यासारखे काळे-पांढरे फोटो लावायचे होते, ते काम तिनं आणलं. आजोबाचाच कॅमेरा, तशीच फिल्म. लोकेश तिला म्हणाला, "हे जमलं तर ठीक. नाही तर दुकान मोबाईलवाल्याले देऊन टाकतो. तो रोज फोन करून राहिला."

शेजारची पिंकी साड्या नेसून बसली. बांबूसारखी सरळ पोट्टी, कॉलेजच्या फॅशन शोमध्ये चालते. काय दिसत होती! रुचितानं फिल्म धुतली, फोटो छापले आणि तिथंच मटकन बसली. प्रत्येक फोटोत पिंकीचे डोळे मिटलेले.

"काहून गं, झोपली होती का?" मी म्हटलं.

"मैंने कहाँ बंद किये, आजी! फाड़-फाड़ के देख रही थी."

"मग हे कोण बसली आहे? तुही सावत्र बहीण?"

पुन्हा काढले. पुन्हा मिटलेले. पिंकी हसायची थांबली. बोटांनी पापण्या दाबत म्हणाली, "आजी... आँखें ठंडी लग रही हैं. जैसे किसी ने गीला कपड़ा रखा हो."

साडीवाल्यानं संध्याकाळपर्यंत फोटो मागितले होते. रुचिता त्याच्या हातापाया पडायला पंडरीला गेली, पिंकीला तिच्या आईनं घरात निजवलं. मी एकटी स्टुडिओत बसले.

मे महिन्यातली दुपार. गल्लीत कुत्रंही नव्हतं. लाईट गेली आणि कूलरचं पातं फिरत फिरत थांबलं. त्यानंतर इतकं शांत झालं की टाकीतलं पाणी थेंब थेंब पडलेलं ऐकू येऊ लागलं. डार्करूममधून औषधांचा आंबट वास येत होता. हळूहळू त्यात दुसरा वास मिसळला. फेस पावडरचा.

फोटोच्या खुर्चीत कोणीतरी बसलं होतं.

आधी वाटलं, कोणी म्हातारी आहे. केस पांढरेशुभ्र. पण तोंड काळं, नुसतं काळं, त्यात ओठ तेवढे फिके. अंगावरच्या पांढऱ्या साडीवर काळे बुट्टे होते, आणि पदराची सावली खुर्चीवर उजेडासारखी पडली होती. दुसरं कोणी असतं तर पळालं असतं. माझं आयुष्य निगेटिव्ह वाचण्यात गेलं. मी मनातल्या मनात काळ्याचं पांढरं केलं, पांढऱ्याचं काळं, आणि चेहरा समोर आला.

"मंदा?"

"हव, वहिनी..." आवाज तसाच, कोवळा. डोळे मिटलेले.

"काय पाहिजे तुले?"

"ते डोळे माह्ये नाहीत... इंदूचे आहेत."

"म्हणून त्या पोट्टीचे घेतले?"

"लावून पाहून राहिली होती... बसत नाहीत." जराशानं तिनं तोंड माझ्याकडे वळवलं. "दुसऱ्या पोट्ट्या येतीन ना, वहिनी...? कोणाचे तं बसतीन..."

मी शिसपेन्सिल आणि ब्लेड पुढे ओढलं.

"कोणाचे लावायचे नाहीत," मी म्हटलं. "सरळ बस. तुहे दाखव. मी काढून देते."

डब्यातून तिची निगेटिव्ह शोधली, काचेच्या पेटीवर ठेवली, खिडकीतलं ऊन आरशानं खालून घेतलं. इंदूचे डोळे ओल्या कापसानं आणि ब्लेडनं सावकाश उतरवले. मग वर पाहिलं.

"उघड."

तिनं पापण्या उघडल्या. बाहुल्या पांढऱ्या, भोवती काळं. आणि डावा डोळा नाकाकडे झुकलेला. तेव्हा मला तो अर्ध्या तोंडावरचा पदर कळला, आणि सासऱ्याचं ते बोटही.

"तिरपा आहे तसाच ठेवू?"

तिनं पदर तोंडावरून पूर्ण मागे सारला.

"तसाच... माह्या आहे तो."

मी काढत गेले. वर पाहायचं, खाली काढायचं. शेवटचा ठिपका दिला, वर पाहिलं, खुर्ची रिकामी. हात लावून पाहिला. एवढ्या उन्हाळ्यात बसायची जागा माठासारखी गार.

रुचिता तोंड पाडून आली. साडीवाला थांबायला तयार नव्हता. मी म्हटलं, "पिंकीच्या त्याच निगेटिव्ह पुन्हा छाप."

"आजी, क्या फायदा?"

"छाप म्हणते ना."

लाईट आली. लाल दिव्याखाली, ताटलीतल्या औषधात कागदावर आधी साडी उगवली, मग गळा, मग तोंड. रुचिता किंचाळली. "आजी, खुली हैं! तूने रिटच किया?"

"हव," मी म्हटलं. एवढंच सांगितलं.

फोटो पंडरीत काचेत लागले आणि लोक स्कूटर थांबवून पाहू लागले. फोटोत डोळे असे जिवंत, म्हणे, कोणाला जमत नाहीत. लोकेशनं मोबाईलवाल्याला स्वतःच नाही म्हणून सांगितलं. आमच्या काचेत आता मंदाकिनी आहे, मधोमध, तिरप्या डोळ्यासकट. पिंकीचे डोळे ठणठणीत आहेत. लग्नाच्या पोरी दूरदूरून येतात, जागा पुरत नाही, रुचितानं बाजूची खोलीही घेतली. घराला असे दिवस हिरालालच्या वेळीही नव्हते.

फोटो काढून झाला की पोरी बाहेर ओट्यावर येतात, माझ्या पाया पडतात. म्हणतात, आजी, ऐन क्षणाला तुम्ही मागून हळूच आमची हनुवटी वर केली ना, त्यानंच फोटो चांगला आला. पण हात किती गार हो तुमचे.

मी म्हणते, हव, म्हातारे हात आहेत.

माझे गुडघे गेले आहेत, बाळा. ओट्यावरून उठून मी आत जातच नाही.