दार उघडायच्या आधी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, हे घडलेलं आहे. भोपाळमध्ये, कोटरा सुल्तानाबादच्या एका तिमजली इमारतीत, गेल्या मे महिन्यात. आणि रात्री नाही, भर दुपारी.

सुचेता एजन्सीतर्फे घरोघरी जाऊन आजारी माणसांचं बघते. सकाळचं घर सोनागिरीला, दुपारचं कोटऱ्याला. मधे अख्खं शहर ओलांडायचं आणि मग जिन्यात बसून राहायचं. कारण घरची सून अपर्णा चारला ऑफिसातून येणार, कुलूप काढणार आणि मोबाइलवर आलेला कोड सांगणार. तो एजन्सीच्या अ‍ॅपमध्ये टाकला की ड्यूटी लागते. त्याआधी सुचेता उन्हात करपली काय, भुकेने कळवळली काय, एजन्सीच्या लेखी ती जगातच नसते.

त्या दुपारी ती नेहमीसारखी वरच्या पायरीवर बसली होती. घरात फक्त अपर्णाच्या सासूबाई, अंथरुणाला खिळलेल्या.

आतून आवाज आला... नळाचा.

मग स्टीलचा पेला ठेवल्याचा.

मग एका बाईचा, अगदी हळू. "आजी, कूस बदलते हं."

सुचेता ताडकन उठली. भुताच्या भीतीने नाही. दुसरी बाई ठेवली की काय, या भीतीने. हे घर सुटलं तर खोलीचं भाडं कुठून भरायचं?

पण दाराला बाहेरून कुलूप होतं.

आणि दाराबाहेर चपला नव्हत्या...

अपर्णा आली, कुलूप काढलं. आत आजी एकट्याच. चादर बदललेली, वेणी घातलेली.

"कोणी केलं, आजी?" सुचेताने विचारलं.

"वंदनाने. गुणी आहे पोरगी."

अपर्णाचा चेहरा उतरला. "त्यांचं मनावर घेऊ नकोस," एवढंच म्हणाली आणि कोड सांगितला.

संध्याकाळी सुचेताने एजन्सीच्या मंदारला फोन लावला. वंदना कोण?

"तुझ्या आधी होती. मागच्या उन्हाळ्यात त्याच जिन्यावर गेली, लू लागून. पण ड्यूटी पे नहीं थी हां ती. दार उघडलंच नव्हतं ना. म्हणून तिच्या घरच्यांना भरपाई मिळाली नाही. सिस्टीमच तशी आहे, मी काय करू?"

सुचेताला भीतीपेक्षा संतापच जास्त आला. बाई मेली, तरी फुकटच राबते आहे.

मग ते रोजचंच झालं. काही दिवसांनी अपर्णाने एजन्सीला कळवलं, बरंचसं काम आधीच झालेलं असतं, एक तास कमी करा. ते कोण करतं, हे तिने कुणाला विचारलं नाही. तास मात्र कमी झाला.

महिना संपता संपता एका दुपारी जिन्यावरच सुचेताच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. बाटली रिकामी. जीभ टाळ्याला चिकटलेली. ती भिंतीला टेकून खाली घसरली.

आतला नळ बंद झाला...

दारामागे बांगड्या वाजल्या.

"सुचेता," आवाज आला, थोरल्या बहिणीने समजवावं तसा. "आत्ता नको गं. अजून कोड लागला नाही. आत्ता गेलीस तर ड्यूटीवर धरत नाहीत. आधी दार उघडू दे."

सुचेता कशीबशी रांगत खाली उतरली. खालच्या दुकानदाराने तिच्या डोक्यावर पाणी ओतलं, म्हणून वाचली.

ती अजून तिथेच जाते. दुसरं घर मिळालेलं नाही. हल्ली ती जिन्यात बसत नाही, दुकानाच्या सावलीत थांबते. पण चारला कुलूप निघतं, कोड लागतो, आणि उंबरा ओलांडताना तिच्या अंगावर काटा येतो.

दार उघडल्यावर काय, ते त्या आवाजाने सांगितलेलं नाही.