कापून टाकलेलं वाक्य

विश्वास ठेवा असा आग्रह मी धरणार नाही. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मीच हसलो असतो. पण मी तिथे होतो, पूर्ण शुद्धीत होतो, आणि भर दुपार होती.

मंगळवार. दुपारचे तीन. कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली.

पूर्वी तिथे जुने नकाशे ठेवायचे. आता भिंतींना फोम लावलाय, खिडकीवर जाड पडदा आहे, मध्ये टेबल आणि दोन माइक. काचेच्या अलीकडे माझी खुर्ची. मी आवाजाचं काम करतो. रेकॉर्डिंग करायचं, नको ते कापायचं, उरलेलं जोडायचं. लोकांच्या खोकल्यांवर माझं पोट चालतं म्हणा ना.

ताई माझी सख्खी थोरली बहीण. त्याच कॉलेजात जुनी भाषा शिकवते. आता कुठेच बोलली न जाणारी, नुसती ग्रंथांत आणि प्रार्थनांत उरलेली. गेल्या वर्षी तिच्या विभागात विद्यार्थी होते सात. शिकवणारे तीन. प्राचार्यांनी स्पष्टच सांगितलं होतं, "आकडा वाढला नाही तर पुढच्या वर्षी विभागाला टाळं."

म्हणून ताईने पॉडकास्ट सुरू केला. जुने ग्रंथ, श्रद्धा, संस्कृती... दर मंगळवारी एक पाहुणा आणि अर्धा तास गप्पा. बावीस एपिसोड झाले. ऐकणारे कोण? आम्ही दोघं, आणि पाहुण्याच्या घरचे.

तेविसाव्याला तिने आपल्या सरांना बोलावलं.

चाळीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले. पोरं त्यांना 'पूर्णविराम' म्हणायची. एक ओळ वाचली की सर थांबायचे. इतके थांबायचे, की मागच्या बाकावरचा एखादा दचकून जागा व्हायचा. निवृत्तीनंतरही दर शनिवारी कॉलेजात येऊन फुकट वाचनवर्ग घ्यायचे. ताई त्यांचीच विद्यार्थिनी. तिला ही भाषा त्यांनीच दिली.

त्या दिवशी ताईने विचारलं, "सर, एवढं सगळं वाचलंत. श्रद्धा उरलीय का अजून?"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "बायको आजारी होती तेव्हा मी तीन आठवडे तिच्या उशाशी बसून प्रार्थना वाचत होतो. एक दिवस पुस्तक मिटलं. म्हटलं, हे सगळं खोटं आहे. चाळीस वर्षं मी पोरांना खोटं शिकवलं."

सर थांबले. खुर्ची करकरली. मला वाटलं, संपलं.

"तर ती म्हणाली... वाचा हो. तुमचा आवाज थांबला की मला भीती वाटते. तेच तिचं शेवटचं बोलणं. मी पुस्तक उघडलं. तेव्हापासून रोज वाचतो. खरं की खोटं, ते आता विचारत नाही."



सर निघून गेल्यावर ताई माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"'खोटं शिकवलं' इथे काप," ती म्हणाली. "एपिसोड तिथेच संपव."

"अगं, पुढचं?"

"पुढचं कोण ऐकतं? काप म्हणते ना."

मी कापलं. सरांनी 'शिकवलं' म्हटलं आणि त्यावर मी संगीत चढवलं. पंधरा सेकंदांची क्लिपही काढली. 'चाळीस वर्षं मी पोरांना खोटं शिकवलं.' आणि मग, जागा अडत होती म्हणून, मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

क्लिप वणव्यासारखी पसरली.

एका आठवड्यात लाखांवर लोकांनी ऐकली. श्रद्धा असणारे चिडले, नसणारे हसले. जुन्या विद्यार्थ्यांनी सरांच्या सहीची पुस्तकं परत पाठवली. त्यांच्या दारावर कुणीतरी खडूने 'खोटारडा' लिहिलं. कॉलेजने शनिवारचा वर्ग बंद केला.

आणि विभागात त्या वर्षी बावन्न प्रवेश झाले.

सर एकदाच आले. वर येताना दम लागला होता. ताईला म्हणाले, "माझ्याविषयी काहीही ठेव, पोरी. फक्त ती काय म्हणाली तेवढं परत जोड. माझ्याकडे तिचं तेवढंच आहे."

"सर, पंधरा सेकंदांच्या वर कुणी ऐकत नाही हो." ताई हसून म्हणाली. "आणि बघा ना, तुमच्यामुळेच विभाग वाचला."

त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी कानांवर हेडफोन चढवले. त्यात काहीच वाजत नव्हतं.

एकोणीस दिवसांनी सर गेले. शेजाऱ्यांना खुर्चीत बसलेले सापडले. ताई त्यांच्या घरी गेली नाही. "लोक नको ते बोलतील," म्हणाली.

त्यानंतरचा पहिला मंगळवार. पाहुण्या होत्या इतिहासाच्या एक बाई. रेकॉर्डिंग छान झालं. बाई गेल्या आणि मी ऐकायला बसलो. ताईचा पहिला प्रश्न. बाईंचं उत्तर. ताईचा दुसरा प्रश्न...

नव्हता.

आवाज बारीक झाला नव्हता. नव्हताच. आणि नुसता ताईचा नाही.

कुठलीही खोली कधी पूर्ण गप्प नसते. दिव्याची गुणगुण असते, कपड्यांची सळसळ असते, माणसांचा श्वास असतो. माझ्या कानांना त्याची सवय आहे. त्या तेवढ्या वेळात त्यातलं काहीच नव्हतं. खोलीच कुणीतरी उचलून नेल्यासारखी.

मग बाईंचं उत्तर. व्यवस्थित, खणखणीत. म्हणजे त्यांना प्रश्न ऐकू आला होता.

मी वायर बदलली. माइक बदलला.

पुढच्या मंगळवारी मी रेकॉर्डिंग चालू असतानाच लक्ष ठेवलं. काचेपलीकडे ताई बोलत होती. ओठ हलत होते, हात हलत होते. माझ्यासमोर कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाची रेघ नाचत होती. आणि मध्येच...

रेघ सरळ झाली.

ताई बोलतच होती.

पाहुणा मान डोलावत होता. त्याला ऐकू येत होतं. फक्त यंत्राला येत नव्हतं.

तिसऱ्या मंगळवारी पाहुणा पुढे झुकला आणि म्हणाला, "माफ करा, काय म्हणालात?"

ताईने पुन्हा विचारलं.

"मॅडम, तुम्ही नुसते ओठ हलवताय."

ताई हसली. तिला ती थट्टा वाटली. कारण तिला स्वतःचा आवाज नीट ऐकू येत होता. सगळ्यात वाईट हेच होतं. कधी आवाज गेला, ते तिचं तिलाच कळायचं नाही.

मग वर्गात सुरू झालं. बावन्न पोरांसमोर ती एखाद्या ओळीचा अर्थ सांगायला लागायची, पाल्हाळ सगळं ऐकू यायचं, उदाहरणं ऐकू यायची. नेमका अर्थ यायचा तिथे... शांत. बोलणं अर्धं राहिलं की त्याचा भलताच अर्थ व्हायचा. पोरं हसायची. एकाने त्याचा व्हिडिओ काढून पसरवला. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. "घसा ठणठणीत आहे. ताण कमी करा," म्हणाले.

मी एकदा धीर करून म्हटलं, "ताई, आपण सरांचं ते वाक्य..."

"गप्प बस!" ती कडाडली. हे मात्र स्पष्ट ऐकू आलं. "मेलेल्या माणसाला घाबरून मी विभाग बुडवू? आणि घालणार कुठून? तूच पुसलंस ना ते?"

खरंच होतं ते.

आता पुढचं लिहायला माझा हात जड होतोय.

ताईची मुलगी सात वर्षांची. आम्ही तिला भुंगी म्हणतो, कारण ती सारखी काहीतरी गुणगुणत असते. भावोजी नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी. त्यामुळे शाळेतून तिला आणायला ताईच जायची. त्या मंगळवारी रेकॉर्डिंग लवकर आटोपलं, म्हणून मीही सोबत गेलो.

साडेचार वाजले होते. स्वच्छ ऊन होतं. शाळेचं फाटक रस्त्याच्या पलीकडे. मी स्कूटर लावत होतो आणि ताई चार पावलं पुढे गेली होती. भुंगी फाटकातून बाहेर आली. तिची बाटली हातातून निसटली आणि घरंगळत उभ्या व्हॅनच्या मागे गेली. ती उचलायला वाकली.

व्हॅन मागे यायला लागली.

मला हे तेव्हा दिसलं नाही. मी स्कूटरला कुलूप लावत होतो. वर पाहिलं ते सहज.

ताईचं तोंड उघडं होतं. पूर्ण उघडं. मानेच्या शिरा दोऱ्यांसारख्या ताणल्या होत्या. ती धावत होती आणि छातीत होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडत होती.

आणि मला... काहीच ऐकू आलं नाही.

हॉर्न ऐकू येत होते. पोरांचा कलकलाट ऐकू येत होता. कुणाच्या तरी चपलांचा फटफट आवाजसुद्धा. फक्त ती नव्हती.

ड्रायव्हरलाही ऐकू आलं नाही. भुंगीला तर नाहीच. तिने वाकलेल्या जागेवरून आईकडे पाहिलं. हसली. हात हलवला.

मग जो आवाज झाला, तो सगळ्यांना ऐकू आला.

भुंगी वाचली. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

फाटकावरच्या आया काय म्हणाल्या सांगू? "एवढी शिकलेली बाई, पण हाक नाही मारली हो. पोरीकडे बघत धावत आली, तोंडातून ब्र नाही." शाळेच्या पहारेकऱ्याने पोलिसांना लिहून दिलं, मी दहा पावलांवर होतो, बाई ओरडल्या नाहीत. भावोजी रात्रीतून गाडी करून आले. त्यांनी ताईला सगळ्यांसमोर विचारलं, "एक हाक मारता आली नाही तुला?"

ताईने उत्तर दिलं. बराच वेळ दिलं. हात जोडून, रडत. आम्ही सगळे तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होतो.

शेवटी भावोजींनी मान फिरवली.

त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर तिने माझ्या हातात कागद ठेवला. "सरांच्या बायकोचं बोलणं परत घाल," लिहिलं होतं. मी काय घालणार? दोन दिवस माझ्या सगळ्या डिस्क धुंडाळल्या. दुरुस्तीवाल्याकडे नेल्या. त्याने हात वर केले. शेवटी सर जे बोलले ते आठवेल तसं लिहून काढलं आणि एपिसोडखाली टाकलं. चोवीस जणांनी वाचलं. क्लिप अजून फिरतेच आहे.

ताईने नोकरी सोडली. तिच्या जागी नवीन शिक्षक आले. वर्ग भरलेला असतो म्हणे.

भुंगी घरी आली तेव्हा तिचं गुणगुणणं बंद झालं होतं. पण माझ्याशी बोलायची. एका दुपारी मी तिच्या पलंगाशी बसून तिला पेरू कापून देत होतो. ताई आत होती. भुंगीने अचानक विचारलं,

"मामा, सगळे म्हणतात आई गप्प होती. आई ओरडली होती का?"

"ओरडली होती ना," मी म्हणालो. "खूप जोरात."

तिचा चेहरा जरासा उजळला. ती कोपरावर उठून बसली.

"खरंच? मग तुला ऐकू आलं?"

मी ठरवलं. एक खोटं बोलल्याने या पोरीला तिची आई परत मिळणार असेल, तर मी शंभर वेळा बोलेन.

"हो बाळा," मी म्हणालो. "मला ऐकू आलं. तिने तुझ्याच नावाने हाक मारली होती."

मोठ्याने म्हणालो. माझा आवाज मला नीट ऐकू आला.

भुंगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"सांग ना, मामा..." ती म्हणाली. "गप्प का झालास?"

मी पुन्हा म्हणालो. तिचे खांदे धरून, ओरडून म्हणालो.

तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग माझे हात हळूच बाजूला केले आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

याला आता चार महिने होतील. तिने मला परत काही विचारलेलं नाही. ताईलाही नाही.