सालीच्या भिंतीचं जेवणघर

भिंतीला कापड ठोकायचं काम नऊलाच संपायला हवं होतं. साडेदहा झाले तरी मिरेंबे स्टुलावर चढून एकच टोक वर-खाली करत होती आणि खाली नालोंगो खिळ्यांची वाटी धरून उभी होती. जुळ्यांची आई म्हणून अख्खं गाव तिला नालोंगो म्हणे. बत्तीस वर्षं शाळेची मुख्याध्यापिका होती ती. दुसऱ्याच्या हाताखाली वाटी धरून उभं राहायची तिला सवय नव्हती.

"मामी, बघा ना, भिंत कशी श्वास घेतेय!"

"भिंतीचं राहू दे, मला श्वास घेऊ दे. दुपारी तुझा मामा येतोय."

तीन महिने तिचा नवरा, जुळ्यांचा बाप म्हणून सालोंगो, कंपालाच्या इस्पितळात पडून होता. मध्ये एकदा डॉक्टरांनी हात टेकले होते. आता पोटाचं दुखणं बरं झालं होतं, पण अन्नावरची वासना उडाली ती उडालीच. घरी चार घास गेले तर ठीक, नाहीतर परत आणा, असं सांगून त्याला सोडलं होतं. त्या चार घासांसाठी हा सगळा खटाटोप. नवऱ्याची ही भाची शहरात लोकांची घरं सजवायची. ती म्हणाली, जेवणघर झाडापानांत बसल्यासारखं करू, मामा आपोआप जेवेल. मग वाळक्या फांदीचा दिवा टांगला गेला, टेबलावर केळीच्या सोपटाच्या चटया आल्या, कोपऱ्यात नदीतले गोटे आले. त्यातल्या एकावर नालोंगोचा अंगठा सकाळीच ठेचकाळला होता. झाडापानांत बसायचं तर अंगण काय वाईट होतं, हे तिनं तीनदा विचारून झालं होतं.

आणि आता ही भिंत. मुतुब्याच्या झाडाची साल ठोकून ठोकून केलेलं हे तांबूस कापड मयताला गुंडाळतात, शोकाला येणारा प्रत्येकजण त्याचा एकेक तुकडा आणतो, हे काय नालोंगोला ठाऊक नव्हतं? पण हल्ली मोठमोठ्या हॉटेलांत हेच लावतात, असं मिरेंबेचं म्हणणं पडलं आणि वाद नको म्हणून ती गप्प बसली. म्हाताऱ्या कारागिराकडून तीन तुकडे आणले. एका घरात एकदम तीन तुकडे गेल्यावर गाव काय समजणार, हा विचार दोघींपैकी एकीनंही केला नाही.

अकराच्या सुमारास दूधवाली नाबुकेन्या फाटकातून आत आली. काखेत घडी केलेलं सालीचं कापड होतं. दाराशी येऊन ती गुडघ्यांवर बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "किटालो, नालोंगो."

मयताच्या घरी म्हणतात तो शब्द.

"कसलं किटालो? कोण गेलंय इथं?" नालोंगो कडाडली. "भिंतीला लावायला आणलंय ते, बाई! शोभेला!"

दुःखात माणूस काहीबाही बोलतं, तशी समजुतीची मान हलवून नाबुकेन्यानं कापड उंबऱ्याशी ठेवलं आणि फणसाखाली जाऊन बसली. मागोमाग चर्चमधले दामुलिरा मास्तर आले. मग शिंपीण. मग आणखी तिघं. प्रत्येकाच्या काखेत कापड, प्रत्येकाच्या तोंडी तोच शब्द. नालोंगो प्रत्येकाला शोभेचं सांगून सांगून थकली. बारा वाजता अंगणात सहा माणसं चटया टाकून बसली होती आणि कुणी तरी मुकाट्यानं केळी सोलायलाही घेतली होती. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. उन्हानं तापलेल्या सालीचा धुरकट, कडसर वास घरभर पसरत चालला होता.

"पुरे झालं!" ती पायरीवर येऊन ओरडली. "माझा माणूस बरा होऊन येतोय आणि तुम्ही त्याच्या दारात रडायला बसलात? कुणी सांगितलं तुम्हाला? नाव सांगा!"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी दामुलिरा मास्तर खाकरले.

"सालोंगोच आले होते ना... उजाडता उजाडता. आत या म्हटलं, तर नको म्हणाले... कापड घेऊन घरी या, एवढंच बोलले... अजून पुष्कळ घरी जायचंय म्हणाले."

"माझ्याकडेही," नाबुकेन्या पुटपुटली. "पायात काहीच नव्हतं त्यांच्या..."

 नालोंगोनं बापाला आणायला गेलेल्या मुलाला, वास्वाला, फोन लावला.

"आई, वाटेत लुकायाला थांबलोय," पलीकडून वास्वा हसत होता. "बाबा भाजलेली कोंबडी मागतायत!"

तिला एकाच वेळी रडू आणि हसू आलं. "ऐकलंत?" ती अंगणाकडे वळली. "कोंबडी मागतोय तो! उचला ती कापडं आणि निघा."

माणसं ओशाळून उठली. पण कापडाला कुणी हात लावेना.

"मयतासाठी घराबाहेर काढलेलं परत घरात नेत नाहीत, नालोंगो," दामुलिरा मास्तर म्हणाले आणि टोपी घालून चालू लागले.

"बरंच झालं की, मामी!" मिरेंबे आतून ओरडली. "दुसरी भिंतही होईल!" या मुलीला कुणी आवरा, असं नालोंगोला झालं.

दीड वाजता गाडी आली. सालोंगो स्वतःच्या पायांनी उतरला. वाळला होता, पण डोळे हसरे होते. वास्वा आणि मिरेंबे सामान काढायला गाडीपाशी थांबले. नालोंगोनं नवऱ्याला नव्या भिंतीसमोर बसवलं आणि वाफवलेली केळी, शेंगदाण्याचं कालवण वाढलं. पहिला घास गेला. दुसरा गेला. चार झाले, दहा झाले, त्यानं आणखी मागितलं. तिचे डोळे भरून आले. सकाळपासूनचा सगळा वैताग निवला. मिरेंबेचे गोटेसुद्धा तिनं मनातल्या मनात माफ केले.

जेवता जेवता त्याची नजर उंबऱ्याशी रचलेल्या कापडांवर गेली. बोटानं हवेत टिपत त्यानं ती मोजली.

"सहाच?"

"सहाच काय?"

"सातवा लांब राहतो. येईल." त्यानं कालवणाची वाटी पुढं ओढली. "चालून चालून पाय गेले माझे."

तिला रागावायचं होतं. असली थट्टा मला खपत नाही, असं बजावायचं होतं. पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"तुम्ही... तुम्ही तर सकाळी इस्पितळात होतात..."

"होतो ना."

"मग... कुणासाठी...?"

त्यानं मान वर केली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात बघायचा, तशा मायेनं त्यानं तिला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि तिचं ताट तिच्याकडे सरकवलं.

"सहा तुकडे पुरायचे नाहीत," तो म्हणाला. "तू उंच आहेस."