न मारलेली हाक

दिवा राहू दे लागलेला, माझं काही म्हणणं नाही. फक्त मध्येच "खरंच का काका?" असं विचारायचं नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं, तो माणूस एकोणीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसत होता. आमचा हेडक्लार्क. त्याच्याच तोंडून ऐकलंय, आणि शेवटचं तर मी या डोळ्यांनी पाहिलंय.

तर तो गुरुवार होता, महिन्याची एकवीस तारीख. म्हणजे गुरुवार संपून शुक्रवार लागला होता म्हणा ना, पहाटेचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. हेडक्लार्क उठला, शर्ट चढवला, किल्ल्यांचा जुडगा खिशात टाकला. बायको जागीच होती.

"कुठे निघालात?"

"एक फाईल राहिलीय."

"एकतीस वर्षांत घरी कधी फाईलचं नाव काढलं नाहीत, आणि आज तीन वाजता आठवण झाली?"

"तू झोप."

ती कसली झोपतेय. दोन रात्री नवऱ्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे तिला दिसत होतं. विचारलं की तो कूस बदलायचा.

झालं होतं असं, की आमच्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात दोन महिन्यांपूर्वी नव्या मॅडम आल्या होत्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत, पण एकदा म्हणाल्या की म्हणाल्या. त्यांनी हुकूम काढला. वर्षभरात निकाली काढलेल्या सगळ्या तक्रारी शुक्रवारी सकाळी दहाला बाहेरच्या बोर्डावर लागल्या पाहिजेत. तक्रार काय होती, का निकाली काढली, सही कोणाची. ज्याला वाचायचंय त्याने वाचावं, हरकत घ्यायची त्याने घ्यावी. झालं, ऑफिसात कुरकुर सुरू. "आता आमच्या घरच्या भाजीची यादीपण लावा म्हणावं," असं मीच म्हणालो होतो. सगळे हसले. हेडक्लार्क तेवढा हसला नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, म्हणजे कळेल. तक्रारीची सुनावणी असली की दारात उभं राहून तक्रारदाराचं नाव तीनदा पुकारायचं. नाही आला तर लिहायचं, "तीनदा पुकारले, गैरहजर, तक्रार निकाली." नियम असा. पण खरं सांगू? पुकारत कोणीच नव्हतं. लोकांनी बसायचं बाकडं होतं पॅसेजच्या वळणापलीकडे, दारातून दिसायचंसुद्धा नाही. जेवायच्या सुट्टीआधी पाच-सात कागद उरले की तेवढं वाक्य लिहायचं आणि मोकळं व्हायचं. मीही लिहिलंय. लाज वाटते आता.

सात महिन्यांपूर्वी टाकीवरच्या पंपवाल्याने एक तक्रार दिली होती. टाकीचा पातळी दाखवणारा काटा बिघडलेला, त्यामुळे रोज पहाटे पाचला शिडी चढून, झाकण उघडून पाणी बघावं लागायचं. त्या शिडीची वरून चौथी पायरी सुटत आलीय, एवढंच त्याचं म्हणणं. सुनावणीच्या दिवशी तो साडेनऊपासून बाकड्यावर बसून होता. हेडक्लार्कने येताना त्याला पाहिलंही होतं. आणि पावणेएकला ते वाक्य लिहिलं.

अठरा दिवसांनी पंपवाला वरून पडला. जागच्या जागी गेला.

चौकशी झाली. "पिऊन चढला होता," असं लिहून आलं. त्याने आयुष्यात थेंबाला हात लावला नव्हता, हे त्याची बायको सगळ्यांना सांगून थकली. तक्रारीची आठवण कोणालाच नव्हती. ज्याला होती, तो तोंड मिटून बसला. आणि कागदावर तक्रार शिल्लक नाही म्हणजे शिडी चांगलीच असणार, नाही का? पायरी परत खाचेत बसलेली, खालून बघणाऱ्याला काही कळू नये अशी. त्याच शिडीवर आता नवा पंपवाला चढत होता. सडपातळ माणूस, म्हणून आजवर निभावलं होतं.

तो कागद बोर्डावर लागला असता तर हेडक्लार्कची सही सगळ्या जगाने वाचली असती. निवृत्तीला चार महिने राहिलेले. आणि कागदच नाहीसा झाला तर कोणाला काय कळणार होतं?

ऑफिसच्या मागच्या दाराशी तो अर्धा तास नुसता बसून राहिला. उठायचा, दोन पावलं घराकडे जायचा, परत यायचा. शेवटी कुलूप काढलं.

दिवा लावला नाही. मोबाइलच्या उजेडात रेकॉर्डच्या खोलीत गेला. फाईल लगेच हाताला लागली. कागद काढला, घडी केली, खिशात घातला. पाच मिनिटांचं काम. जीव भांड्यात पडला.

दाराकडे वळला, आणि कोणीतरी पुकारलं.

सुनावणीच्या खोलीच्या दारातून. पंपवाल्याचं नाव. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

वॉचमन असेल, त्याला वाटलं. मोबाइल विझवला. श्वास रोखून उभा राहिला. आवाज ओळखीचा होता... पण कोणाचा, ते काही केल्या आठवेना.

परत पुकारा झाला. तेच नाव.

आणि त्याला कळलं.

आवाज त्याचा स्वतःचा होता.

त्याने तोंडाला हात लावून पाहिला. ओठ मिटलेले होते. घट्ट.

तिसऱ्यांदा...

मग काही नाही. बराच वेळ काही नाही.

वळणापलीकडे बाकडं कुरकुरलं. कोणीतरी उठलं.

"हजर आहे साहेब."

पावलं. हळूहळू. एक पाय ओढत. वळणापाशी आली... थांबली. काळोखात काही दिसेना. वास तेवढा आला. ओल्या लोखंडाचा.

"साहेब..."

हा मागे सरकून भिंतीला टेकला.

"...पाचला तो चढतो."

एवढंच. ना राग, ना शिवी. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं तो मला नंतर म्हणायचा.

वेळ बघायला त्याने मोबाइल पेटवला. चार पंचवीस. पॅसेज रिकामा. टाकी पार गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि नव्या पंपवाल्याचा नंबर याच्याकडे नव्हता. दार उघडं टाकून तो पळत सुटला. सत्तावन्न वर्षांचा माणूस, पायात चपला, त्यातली एक वाटेत निसटली. तो थांबला नाही.

पोचला तेव्हा नवा पंपवाला निम्मी शिडी चढून गेला होता.

"खाली उतर. आधी खाली उतर."

"अहो काका, पाणी बघायचंय अजून."

"उतर म्हणतो ना तुला."

तो उतरला, जरा चिडूनच. उजाडल्यावर फिटर कमरेला दोर बांधून वर गेला. वरून चौथ्या पायरीला त्याने नुसता हात लावला, तर ती सुटून खाली आली.

दहाला हेडक्लार्कने खिशातला कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला. रात्रीच्या हाका सोडून सगळं सांगितलं. "मी पुकारलंच नव्हतं, मॅडम. तो बाहेर बसला होता, मला माहीत होतं."

मॅडमनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "आत्ता बोललात ते याच्याखाली लिहा. सही करा. आणि बोर्डावर तुमच्याच हाताने लावा."

त्याने लावला. आम्ही सगळे दारात उभे होतो. त्या दिवशी कोणाला थट्टा सुचली नाही.

तेवढ्यात पंपवाल्याची बायको आली. तडक बोर्डापाशी गेली. बोट ठेवून शब्द न् शब्द वाचला, आणि खालीच बसली. म्हणाली, "त्या दिवशी घरी येऊन म्हणाले होते, कोणी हाक मारलीच नाही. मी म्हटलं, डुलकी लागली असेल तुम्हाला." मग रडली. हेडक्लार्कही रडला, सगळ्यांसमोर.

मॅडमनी तिला पाणी दिलं. "आम्ही तुमच्याकडे माणूस पाठवणारच होतो," त्या म्हणाल्या. "तुम्हाला आधीच कोणी कळवलं?"

"असं काय करता? तुमचाच माणूस आला होता ना. दार वाजवून म्हणाला, दहाला सुनावणी आहे, ये."

"किती वाजता?" हेडक्लार्कने विचारलं.

"अंधार होता. साडेचार असतील."

"कोण होता?"

"दार उघडेपर्यंत निघून गेला. आवाज मात्र..." ती थांबली. "जाऊ दे. तुम्ही म्हणाल, बाई खुळावली."

'पिऊन चढला होता' हे वाक्य खोडून काढल्याचं पत्र मॅडमनी त्याच दिवशी तयार केलं. ते द्यायला संध्याकाळी हेडक्लार्क आणि मी तिच्या घरी गेलो. दाराला आकाशी रंग दिलेला. कडीच्या जरा वर, माणूस दार वाजवतो तिथे, एक पंजा उमटला होता. गंजाचा. तिने तो पुसू दिला नाही, दार रंगवूही दिलं नाही.

या गोष्टीला सहा वर्षं होतील. परवा त्या गल्लीतून जाताना मी मुद्दाम थांबलो, आणि त्या पंज्यावर बोट टेकवून पाहिलं.

अजून ओला आहे.