डोंगर ढकलताना

"चाळलेली नको, खड्यांसकट द्या," मी म्हटलं, तर वाळूवाला माझ्याकडे असा बघत राहिला की मला रागच आला.

भवानी पेठेतल्या वाळूच्या अड्ड्यावर मुली एकट्या जात नसत. मी गेले, आणि सीना नदीची चार पाट्या वाळू मागितली.

"खड्यांनी गिलावा बिघडतो की," तो म्हणाला.

"गिलावा नाही करायचा. डोंगर करायचाय."

तो हसला. पापण्यांवर वाळूची धूळ बसली होती त्याच्या... "मग कुटं पोचवायचा डोंगर?"

त्याचं नाव शिवयोगी.

आमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राचे ईश्वरप्पा सर त्या उन्हाळ्यात, शहात्तर साली, तीन विद्यार्थ्यांना दोन महिने हिमालयाच्या पायथ्याशी नेणार होते. तिघंही मुलगे. "मुलींना कुठे न्यायचं डोंगरात?" एवढंच कारण. मी म्हटलं, आधी माझं काम बघा, मग नाही म्हणा. सरांनी शनिवार दिला.

प्रयोगशाळेमागं मी लाकडी पेटी मांडली होती, एका बाजूला कपाटाची काच. शिवयोगी वाळू टाकून गेला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मग रोजच. मी वाळूचे आणि रांगोळीचे थर घालायचे, तो मागून फळी ढकलायचा. थर मुडपायचे, तुटायचे, एकावर एक चढायचे आणि काचेत डोंगर वर यायचा. त्यावर मी झारीनं पाणी सोडायचे. पाणी जाडे खडे पायथ्याशीच टाकायचं, बारीक वाळू लांब न्यायचं, सगळा गाळ पंख्यासारखा पसरायचा.

"म्हंजे चाळायचं काम नदीच करती," तो म्हणाला. "आमी उगं घाम गाळतो."

"आता परत ढकला. हळू..."

पंख्याच्या खालून दुसरा डोंगर उठला. जुना पंखा वर उचलला गेला, ओहोळ बाजूला वळला.

"बिचारी नदी."

"बिचारी कसली? थांबा." मी झारी पुरती ओतली. ओहोळानं उठणाऱ्या डोंगरालाच चिरलं आणि पलीकडे नवा पंखा घातला.

"लई जोर हाय..." तो पाण्याकडे बघतच नव्हता. माझे कान तापले.

शनिवारी सरांनी तीनदा फळी ढकलायला लावली. मग अर्ज पुढे केला. "पालकांची सही आण."

घरी अप्पा म्हणाले, "लग्न होऊ दे, मग नवऱ्याला विचार."

मी धुसफुसत परत पेटीपाशी आले आणि शिवयोगीला सगळं सांगितलं. त्यानं हातातली फळी खाली ठेवली.

"मग... मी नवरा झालो तर? उद्याच मागणी घालतो. तुमी म्हणाल तितं सही करतो."

मला तो आवडत होता. इतका, की हो म्हणायला जीभ शिवशिवत होती. आणि तरी अंगाचा तिळपापड झाला.

"अप्पांची मिळेना म्हणून तुझी? मी एकवीस वर्षांची आहे, शिवयोगी. माझ्या जाण्याला माझी सही पुरे."

त्याच्यासमोरच मी 'पालक' हा शब्द खोडला, सही ठोकली आणि अर्ज सरांच्या टेबलावर ठेवला.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "घरून कुणी भांडायला आलं तर?"

"मला बोलवा. उत्तर मी देईन."

त्यांनी यादीत चौथं नाव लिहिलं.

बाहेर शिवयोगी मान खाली घालून उभा होता. "चुकलं माजं."

"चुकलंच. पण मागणी खरी होती, की नुसती सहीपुरती?"

"खरी. पयल्या दिसापासनं."

"मग ऐक. मलाही तूच हवायस. परत आले की लग्न करू."

तो लाजला, चांगला दांडगा गडी असून. "अन् अप्पांना कोन सांगनार?"

"मी. आत्ताच. मी जाणार, हेही आणि तुझ्याशीच लग्न करणार, हेही. सोबत ये, पण बोलायचं नाही."

"मारायला धावले तर?"

"दोघं मिळून खाऊ."

मी त्याचा हात धरला. भर दुपारी, अख्ख्या शुक्रवार पेठेतून, आमच्या दारापर्यंत तो सोडला नाही. अप्पांनी दार उघडलं, तेव्हाही नाही.